रॅमचा रिकामा स्लॉट

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत माझ्या मावसभावाचं धान्याचं दुकान आहे. टॅली आणि जीएसटीच्या कामासाठी त्याला स्वस्तातला डेस्कटॉप हवा होता. राजारामपुरीत दोन कोटेशन मिळाली. दोन्हींत 8 जीबी रॅम (चालू कामाची माहिती ठेवणारी कॉम्प्युटरची तात्पुरती मेमरी) आणि भावही जवळपास सारखाच. "मग कुठला बी घेऊ की," तो म्हणाला. मी आधी कॅबिनेटचं झाकण काढायला लावलं. एकात 8 जीबी रॅमची एकच पट्टी होती आणि शेजारचा स्लॉट, म्हणजे पट्टी बसवायची जागा, रिकामा. दुसऱ्यात 4 जीबीच्या दोन पट्ट्या, म्हणजे दोन्ही स्लॉट भरलेले.

खरं सांगायचं तर आजच्या घडीला दुसरं मशीन थोडं सरस. डीडीआर4-3200 (डीडीआर4 हा रॅमचा प्रकार, 3200 हा तिचा वेग) ची एक पट्टी सेकंदाला 25.6 जीबी माहिती पुरवू शकते. दोन पट्ट्या दोन वेगळ्या चॅनलवर (प्रोसेसरकडे जाणाऱ्या वाटांवर) चालल्या की हाच आकडा 51.2 होतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर गेम खेळताना हा फरक जाणवतो, टॅलीत जाणवत नाही. पण पुढे 16 जीबी करायची वेळ आली, की त्या दोन्ही पट्ट्या काढून टाकाव्या लागणार. पहिल्यात नुसती एक पट्टी वाढवायची, आणि दुसरा चॅनलही तेव्हाच सुरू होतो.

रॅम कमी पडली तर कॉम्प्युटर बंद पडत नाही. तो रॅममधला काही मजकूर डिस्कवर ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो, आणि तिथंच वेळ जातो. रॅममधून माहिती यायला साधारण 100 नॅनोसेकंद लागतात. हा वेळ 1 सेकंद धरला, तर त्याच मापात एसएसडीला (फिरते भाग नसलेल्या चिपवाल्या डिस्कला) सुमारे 17 मिनिटं लागतील आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला जवळजवळ 28 तास! म्हणून मशीनमध्ये अजून हार्ड डिस्कच असेल तर पहिले पैसे एसएसडीवर घालावेत, रॅमचं नंतर बघावं.

हातात मावणाऱ्या काही मिनी पीसींत रॅम बोर्डावरच झाळलेली (सोल्डर केलेली) असते. प्रोसेसरला खेटून बसवल्यानं वीज कमी लागते आणि वेगही मिळतो, त्यामुळे ही रचना वाईट म्हणता येणार नाही. पण तिथं नंतर काहीच वाढवता येत नाही. असं मशीन घ्यायचं तर सुरुवातीलाच 16 जीबीचं घ्यावं.

"रॅम काय, पुढच्या वर्षी स्वस्त होईल" या भरवशावरही राहू नये. 2025 च्या अखेरीस डेटा सेंटरची मागणी वाढली आणि रॅमचे भाव भराभर चढले. त्यात डीडीआर4 च्या स्लॉटमध्ये डीडीआर5 बसत नाही. दोन्हींना पिना 288 च, पण खाच वेगळ्या जागी.

भावानं पहिलं मशीन घेतलं. बिलावर दुकानदाराकडून लिहून घेतलं: डीडीआर4, 3200, एक स्लॉट रिकामा.