कर्जमर्यादा व चलननिर्मिती, शासकीय : खानदेश

शासनाने किती कर्ज उभारावे यावर कायद्याने घातलेले बंधन म्हणजे शासकीय कर्जमर्यादा. नाणी, नोटा व बँकठेवी या रूपांत नवा पैसा व्यवहारात आणणे म्हणजे चलननिर्मिती. भारतात चलनाचा अधिकार केंद्र शासन व रिझर्व्ह बँक यांच्याकडे आहे. राज्य शासन, महामंडळे व महापालिका यांना फक्त कर्ज काढता येते, तेही वरच्या स्तराच्या संमतीने. प्रस्तुत नोंदीत खानदेश म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे. इतिहासाच्या संदर्भात बऱ्हाणपूर-असीरगड आणि दक्षिणेचा चांदोर डोंगराचा पट्टाही विचारात घेतला आहे.

टांकसाळी. खानदेशचे सुलतान असलेल्या फारुकी घराण्याची तांब्याची मोजकीच नाणी ज्ञात आहेत; मोठ्या व्यवहारांत शेजारच्या गुजरात व माळव्याची नाणी चालत असावीत. अकबराने असीरगड घेतल्यावर (१६०१) असीर टांकसाळीच्या नावाने ससाण्याची आकृती असलेली सोन्याची मोहोर पाडली गेली. ती चलनापेक्षा विजयाचे स्मारक म्हणून महत्त्वाची आहे. मुघल अमदानीत नित्याच्या रुपयांची टांकसाळ बऱ्हाणपूरला होती.

खानदेशच्या दक्षिण सीमेवरील चांदोर (चांदवड) येथील टांकसाळीच्या आरंभाविषयी मतभेद आहेत. तिच्या रुपयांवर ‘जाफराबाद उर्फ चांदोर’ असे नाव व बादशहा दुसरा शाह आलम याचे नाव आढळते. जाफराबाद हे मुघलांनी दिलेले नाव असल्याने टांकसाळही मुघलकालीन असावी, असा एक तर्क केला जातो. दुसऱ्या मतानुसार ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात होळकरांच्या आश्रयाने सुरू झाली. बादशहाचे नाव हा मुघल अंमलाचा पुरावा ठरत नाही, कारण त्या काळी मराठी टांकसाळीही बादशहाच्याच नावाने नाणी पाडत. जुने गावनावही शिक्क्यावर रूढीने टिकून राहू शकते. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजी अमलाखाली ती बंद पडली.

अशा टांकसाळीत व्यापारी वा सराफ चांदी आणून देई. कस पाहून, हीण मिसळून व पाडणावळ कापून घेऊन त्याला रुपये मिळत. म्हणजे नवे चलन किती निघेल हे बाजारात येणाऱ्या चांदीवर ठरे. सरकारला जास्तीचा पैसा हवा असल्यास हीण वाढवणे एवढाच मार्ग उरे, पण सराफ तो लगेच ओळखत आणि त्या रुपयावर बट्टा (बदलून घेताना होणारी घट) वाढे. राज्यकर्त्यांची खरी कर्जमर्यादा सावकार ठरवीत. पेशवाईत कर्जाच्या फेडीसाठी महालांच्या (महसुली विभागांच्या) वसुलीवर वराता, म्हणजे त्या वसुलीतून रक्कम देण्याचे हुकूम, दिल्या जात. एकाच महालावर वसुलीपेक्षा जास्त वराता पडल्या की पुढची वरात कोणी घेत नसे. १८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन वजनाचा, १६५ ग्रेन शुद्ध चांदीचा कंपनी रुपया सर्वत्र प्रमाण ठरल्यावर बट्ट्याचा धंदा हळूहळू आटला.

कागदी चलन. १८६१ च्या कागदी चलन कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार सरकारकडे आला. सरकारी रोख्यांच्या आधारावर ४ कोटी रुपयांपर्यंतच नोटा काढता येत. त्यावरील प्रत्येक नोटेमागे नाणे किंवा धातू ठेवणे बंधनकारक होते. सरकारी कर्जातून किती चलन निर्माण व्हावे याला भारतात कायद्याने घातलेली ही पहिली सर्वदेशीय मर्यादा होय. पुढे ती वेळोवेळी वाढवली गेली, पहिल्या महायुद्धात तर कितीतरी पटींनी.

या व्यवस्थेतला दोष कापसाच्या मुलखात ठळकपणे जाणवणारा होता. वेचणीनंतर जळगाव, अमळनेर, धुळे येथील बाजारांत रोख रकमेची मागणी एकदम चढे, हुंडीचा दर वाढे, आणि मर्यादा ताठर असल्याने चलन त्या प्रमाणात वाढत नसे. यावर उपाय म्हणून १९२० च्या कायद्याने देशांतर्गत हुंड्यांच्या आधारावर हंगामापुरत्या ५ कोटी रुपयांच्या जादा नोटा काढण्याची तरतूद केली; १९२३ मध्ये ती मर्यादा १२ कोटी झाली. माल विकून हुंडी सुटली की तेवढे चलन परत फिरे. खऱ्या व्यापारावर आधारलेल्या अल्पमुदतीच्या पैशाची ही पद्धत तिच्या मर्यादित व्याप्तीतही विचारपूर्वक आखलेली होती.

रिझर्व्ह बँक (१९३५) सुरुवातीला नोटांच्या ४० टक्के सोने व स्टर्लिंग रोखे राखत असे. १९५६ मध्ये ही प्रमाण पद्धत सोडून किमान राखीव पद्धत आली. १९५७ पासून किमान २०० कोटी रुपये, त्यांपैकी ११५ कोटींचे सोने, एवढेच बंधन आहे. त्यामुळे चलनावरचा अंकुश धातूकडून धोरणाकडे गेला. केंद्र शासन तात्पुरती कोषागार बिले देऊन रिझर्व्ह बँकेकडून थेट पैसा घेई. ही प्रथा १९९७ मध्ये थांबली आणि तिच्या जागी अर्थोपाय अग्रिमे, म्हणजे रिझर्व्ह बँकेची मर्यादित मुदतीची उसनवारी, आली. २००३ च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्यानुसार १ एप्रिल २००६ पासून रिझर्व्ह बँक केंद्राचे नवे रोखे लिलावात घेत नाही. बाजारातले जुने रोखे मात्र ती घेऊ शकते, आणि तसे घेताना नवा पैसा निर्माण होतोच.

राज्याच्या कर्जाची प्रक्रिया. संविधानाच्या अनुच्छेद २९३ नुसार राज्याला देशांतर्गतच कर्ज काढता येते, आणि केंद्राचे कर्ज बाकी असेपर्यंत केंद्राची संमती लागते. केंद्र दरवर्षी स्थूल राज्य उत्पन्नाच्या टक्केवारीत निव्वळ मर्यादा कळवते. पंधराव्या वित्त आयोगाने ती २०२१-२२ साठी ४, पुढील वर्षी ३.५ व त्यानंतर ३ टक्के सुचवली. वीजक्षेत्रातील सुधारणांसाठी अर्धा टक्का वेगळा. महाराष्ट्राचा स्वतःचा वित्तीय उत्तरदायित्व कायदा २००५ चा आहे.

संमती मिळाल्यावर रिझर्व्ह बँक, साधारणतः मंगळवारी, राज्यरोख्यांचा लिलाव करते. दुसऱ्या दिवशी रोखे घेणाऱ्या बँकांच्या रिझर्व्ह बँकेतील खात्यांतून रक्कम वजा होऊन राज्याच्या खात्यात जमा होते. ती धुळे वा जळगाव कोषागारातून देयकांपोटी खर्च झाली की ठेकेदाराच्या किंवा शिक्षकाच्या बँकखात्यात ठेव वाढते आणि बँकांची राखीव रक्कम त्यांच्याकडे परत येते. रोखे बँकेने घेतले तर ठेवींत निव्वळ भर पडते; विमा कंपनीने वा भविष्यनिर्वाह निधीने घेतले तर असलेल्या ठेवी फक्त जागा बदलतात. चर्चेत हा भेद बहुधा निसटतो. राज्याच्या खात्यात तूट आली तर आधी विशेष आहरण सुविधा (रोखे तारण ठेवून रिझर्व्ह बँकेकडून उचल), मग अर्थोपाय अग्रिम, मग अधिकर्ष (ओव्हरड्राफ्ट) असा क्रम असतो. अधिकर्ष सलग १४ कामकाजाच्या दिवसांपलीकडे गेल्यास रिझर्व्ह बँक राज्याची देणी थांबवते.

पीककर्जाचेही असेच. चोपड्याच्या शेतकऱ्याच्या खात्यात बँकेने लाखाचे कर्ज जमा केले की एका बाजूला येणे व दुसऱ्या बाजूला ठेव अशी दोन्ही नोंद एकाच वेळी होते. आधी कोणाची तरी ठेव उचलून द्यावी लागत नाही. मर्यादा येते ती भांडवल, राखीव निधीचे प्रमाण व परतफेडीची शक्यता यांतून. शेतकऱ्याने रोख मागितली तर बँकेला चलन तिजोरीतून (रिझर्व्ह बँकेच्या वतीने नोटा साठवणाऱ्या बँकशाखेतून) नोटा आणाव्या लागतात. तिजोरीतल्या नोटा रिझर्व्ह बँकेच्या मालकीच्या असतात. बाहेर काढल्यावरच त्या चलनात गणल्या जातात. नोव्हेंबर २०१६ मध्ये जुन्या ५०० व १००० च्या नोटा रद्द झाल्यावर जिल्हा सहकारी बँकांना त्या स्वीकारण्यास लवकरच बंदी झाली. ऐन कापूस हंगामात विकास सोसायट्यांमार्फत चालणारी वसुली त्यामुळे अडकली.

मर्यादेबाहेरील कर्ज. तापी पाटबंधारे विकास महामंडळाने राज्याच्या हमीवर कर्जरोखे काढले. हमी हे संभाव्य देणे असल्याने ते राज्याच्या कर्जात धरले जात नसे. महामंडळाचे स्वतःचे उत्पन्न मात्र पाणीपट्टीसारख्या तुटपुंज्या बाबींचे. प्रकाशा, सारंगखेडा, सुलवाडे यांसारखे बंधारे उभे राहूनही उपसा व वितरण मागे पडले की वसुली होत नाही आणि व्याज अर्थसंकल्पावरच येते. २०२२ पासून केंद्राने अशी, राज्याच्या अर्थसंकल्पातून फेडली जाणारी कर्जे मर्यादेत धरण्यास सुरुवात केली. तो निर्णय हिशेबाच्या दृष्टीने योग्य आहे. राज्यांचा त्याला घटनात्मक आक्षेप असून केरळचा दावा २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनापीठाकडे सोपवला.

स्थानिक संस्थांत जळगावचे उदाहरण बोलके आहे. नगरपालिकेच्या काळात घरकुल व अन्य योजनांसाठी हुडको या केंद्र शासनाच्या गृहनिर्माण वित्तसंस्थेकडून घेतलेले कर्ज थकले. महापालिका (२००३) झाल्यावरही ते प्रकरण कर्जवसुली न्यायाधिकरणात चालले आणि पालिकेची बँकखाती गोठवण्यापर्यंत वेळ आली. योजनेचे उत्पन्न सुरू होण्याआधी हप्ते सुरू होणे आणि थकीत व्याजावर दंडव्याज चढणे, ही अशा कर्जांची नेहमीची दुखरी जागा.

सिद्धान्त. स्वतःचे चलन काढणारे शासन त्या चलनातले कर्ज बुडवूच शकत नाही, म्हणून आकड्यांची मर्यादा निरर्थक असून महागाई हीच खरी मर्यादा, असे एक मत आहे. दुसरे मत कायदेशीर मर्यादेचा पुरस्कार करते. युरोपीय संघाचे राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३ टक्के तूट व ६० टक्के कर्ज हे निकष आणि वित्तीय उत्तरदायित्व कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीने केंद्रासाठी ४० व केंद्र-राज्य मिळून ६० टक्के ठरवलेले कर्जाचे लक्ष्य त्याच विचाराचे. पहिले मत केंद्राच्या बाबतीत विचारार्ह असले तरी राज्य, महामंडळ वा महापालिका यांना ते लावता येत नाही. त्यांना रुपया काढता येत नाही. तो करातून, अनुदानातून वा नव्या कर्जातून आणूनच जुने कर्ज फेडावे लागते.