प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला अधिकार देतं कोण?

सांगोल्याचं भगवा डाळिंब किंवा मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी ‘सेंद्रिय’ म्हणून परदेशी पाठवायची, तर प्रमाणीकरण संस्थेचा दाखला लागतो, हे सोलापूर जिल्ह्यातल्या बागायतदारांना आता सांगावं लागत नाही. पण तो दाखला देण्याचा अधिकार त्या संस्थेला कुणी दिला, ही चौकशी फारशी होत नाही. पैसे भरण्याआधी पहिली चौकशी हीच व्हायला हवी.

मुळात असा अधिकार कुणी कुणाला दिलेलाच नव्हता. जर्मनीत १९२८ मध्ये अशा शेतमालासाठी ‘डिमीटर’ हे चिन्ह आलं. ब्रिटनच्या सॉइल असोसिएशन या सेंद्रिय शेतीच्या संस्थेने १९६७ मध्ये स्वतःचे निकष तयार केले. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या शेतकऱ्यांनी आपली संघटना काढली. नियम त्यांचे, तपासणी त्यांची, शिक्काही त्यांचाच. गिऱ्हाईक जवळचं होतं तोवर हे निभावलं. माल सीमा ओलांडू लागल्यावर मात्र, इथल्या शिक्क्यावर तिकडच्यांनी का विसंबावं, हा पेच उभा राहिला. ‘आयफोम’ या १९७२ मध्ये स्थापन झालेल्या सेंद्रिय चळवळींच्या जागतिक महासंघाने १९९२ मध्ये तपासणाऱ्या संस्थांनाच तपासायला सुरुवात केली. तोवर कायदेही आले होते: अमेरिकेत १९९० मध्ये, युरोपात १९९१ मध्ये.

युरोपच्या कायद्यात बाहेरच्या देशांसाठी अट होती. तुमचे नियम आणि तुमची तपासणी आमच्या तोडीची आहे हे दाखवा, मगच माल सेंद्रिय म्हणून विका. भारताचा ‘राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम’, म्हणजे एनपीओपी, २००० मध्ये सुरू झाला तो या पार्श्वभूमीवर, आणि म्हणूनच तो कृषी मंत्रालयाने नव्हे, वाणिज्य मंत्रालयाने आणला. निर्यातीसाठी घडलेली ही व्यवस्था लहान शेतकऱ्याला आजही जड जाते, त्याचं एक मूळ इथे आहे.

या व्यवस्थेत प्रमाणीकरण संस्था वाणिज्य मंत्रालयाच्या ‘अपेडा’ या शेतमाल निर्यात प्राधिकरणाकडे अर्ज करते. मूल्यमापन समिती तिचं दप्तर तपासते, तिचे निरीक्षक शेतावर काम कसं करतात तेही पाहते. निर्णय राष्ट्रीय मान्यता मंडळाचा असतो. मान्यता कायमची नसते, शिवाय ती क्षेत्रवार असते. पीक उत्पादनाची मान्यता असलेल्या संस्थेला प्रक्रियेची असेलच असं नाही. त्यामुळे डाळिंबाबरोबर अनारदाणा किंवा रसही विकायचा असेल, तर हे आधी विचारून घ्यावं.

सगळ्याचा कणा आहे निःपक्षपातीपणा. आयएसओ १७०६५ हे आंतरराष्ट्रीय मानक त्यावरच उभं आहे. जो सल्ला देतो त्याने दाखला द्यायचा नाही, आणि ज्याने शेत तपासलं त्यानेच अंतिम निर्णय घ्यायचा नाही. ‘औषधं आमची घ्या, सर्टिफिकेटही आम्हीच काढून देतो’ असं कुणी म्हणालं, तर तिथेच थांबलेलं बरं.

२००६ मध्ये युरोपने वनस्पतिजन्य मालापुरती ही व्यवस्था समतुल्य मानली. त्याच वर्षी अमेरिकेने अपेडाच्या मूल्यमापनाला मान्यता दिली. मिळालेली मान्यता जातेही, हे पुढे दिसलं. २०२० मध्ये भारतीय तिळात इथिलीन ऑक्साइड या युरोपात बंदी असलेल्या जंतुनाशक वायूचे अंश सापडले, आणि २०२१ च्या अखेरीस युरोपने पाच भारतीय संस्थांची मान्यता काढून घेतली. अमेरिकेनेही जानेवारी २०२१ मध्ये आपला करार संपवला. तिथल्या बाजारासाठी संस्थांना थेट अमेरिकी कृषी खात्याची मान्यता घेणं भाग पडलं. यात ज्यांनी काटेकोर शेती केली, त्यांचाही माल अडचणीत आला. या इतिहासातली मला सर्वांत अन्यायाची वाटणारी गोष्ट हीच.

देशातल्या बाजारासाठी २०११ मध्ये कृषी मंत्रालयाने ‘पीजीएस-इंडिया’ ही सहभागी हमी पद्धत आणली. तिथे गटातले शेतकरीच एकमेकांची शेतं पाहतात, आणि त्यावर प्रादेशिक परिषद लक्ष ठेवते. खर्च बराच कमी. निर्यातीला ती चालत नाही, पण सोलापूर-पुण्याच्या गिऱ्हाइकाला ज्वारी, डाळी विकायला पुरेशी आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७ च्या नियमांनी दोन्ही पद्धती मान्य केल्या आणि ‘जैविक भारत’ हे चिन्ह दिलं.

इथे एक गल्लत नेहमी होते. ‘रेसिड्यू फ्री’, म्हणजे कीटकनाशकांचे अंश न सापडलेला माल, सेंद्रिय असतोच असं नव्हे. प्रयोगशाळेचा अहवाल त्या नमुन्यापुरता बोलतो. सेंद्रिय दाखला शेतीच्या पद्धतीचा असतो, आणि हंगामी पिकांना त्याआधी साधारण दोन वर्षांचा, फळबागांना तीन वर्षांचा रूपांतर काळ, म्हणजे रसायनं सोडून सेंद्रिय पद्धतीने पिकवण्याचा काळ, काढावा लागतो.

जानेवारी २०२५ मध्ये एनपीओपीची आठवी आवृत्ती आली. आता उत्पादक गटाला कायदेशीर नोंदणी लागते. गट करून प्रमाणीकरण घेऊ पाहणाऱ्या सांगोला, मंगळवेढ्याच्या शेतकऱ्यांना कंपनी किंवा सहकारी संस्थेची कागदपत्रं आधी जुळवावी लागतील. संस्थेची मान्यता चालू आहे का, कोणत्या कामासाठी आहे आणि माल जायचा आहे त्या देशात ती चालते का, हे अपेडाच्या यादीशी ताडून घेण्याची वेळही तीच.