1919 ची दोन टोकं: मेथॲम्फेटामिन आणि मेंदूतला ‘डिंक’

2008 साली जपानी संशोधकांनी मेथॲम्फेटामिन (थोडक्यात मेथ) या उत्तेजक अमली पदार्थाचं व्यसन सोडलेल्या 12 जणांच्या मेंदूचे पेट स्कॅन (PET, किरणोत्सारी खुणेने काढलेली चित्रं) प्रसिद्ध केले. नशा सुटून बराच काळ लोटला होता, तरी मेंदूतल्या मायक्रोग्लिया या संरक्षक पेशी चवताळलेल्याच दिसत होत्या. व्यसन सुटून जितके जास्त दिवस झाले, तितकी ही खूण फिकी.

हे जपानमध्येच दिसावं, यात एक काव्यगत न्याय आहे. हा पदार्थ तिथलाच. जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी 1885 मध्ये माहुआंग या औषधी वनस्पतीतून इफेड्रिन वेगळं काढलं आणि 1893 मध्ये त्यापासून मेथॲम्फेटामिन बनवलं. (2016 मध्ये सोलापूरजवळच्या कारखान्यातून ठाणे पोलिसांनी टनावारी जप्त केलं, तेच हे इफेड्रिन.) ओगाता अकिरा यांनी 1919 मध्ये ते स्फटिकरूपात आणलं. 1941 पासून ‘हिरोपॉन’ या नावाने ते उघड विकलं जाई; सैनिक आणि रात्रपाळीचे कामगार जागे राहण्यासाठी घेत. युद्धानंतर व्यसन गावोगाव पसरलं, तेव्हा कुठे 1951 मध्ये त्याला आवर घालणारा कायदा झाला.

तोवर मेंदूत नेमकं काय घडतं, हे कुणाला सांगता येत नव्हतं. डोपामिन हा स्वतंत्र संदेशवाहक आहे, हेच मुळी स्वीडिश शास्त्रज्ञ आर्विड कार्लसन यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीस दाखवलं. एरवी चेतापेशी डोपामिन बाहेर सोडते आणि एक पंप ते परत आत ओढतो. मेथ याच पंपातून आत शिरतं, डोपामिनच्या पिशव्या रिकाम्या करतं आणि पंप उलटा फिरवतं. बाहेर डोपामिनचा पूर येतो. आत सांडलेलं डोपामिन ऑक्सिडाइझ होऊन पेशीच्या टोकालाच पोळतं.

इथे दुसरं 1919 येतं. त्याच वर्षी स्पेनमध्ये पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी मायक्रोग्लिया ओळखून काढल्या. ‘ग्लिया’ म्हणजे डिंक. हे बारसं त्याआधी जर्मन शास्त्रज्ञ फिरखो यांनी केलेलं. चेतापेशींना चिकटवून ठेवणारा नुसता लगदा, ही समजूत पुढे फार काळ टिकली. प्रत्यक्षात मायक्रोग्लिया मेंदूच्या राखणदार. पेशीचं टोक फाटलं की धावतात, मोडतोड गिळतात, टीएनएफसारखे दाह पेटवणारे रेणू सोडतात. दाह वेळेत विझला तर डागडुजी होते. धुमसत राहिला तर शेजारच्या धड पेशींनाही झळ लागते.

मात्र 2008 च्या चित्रांकडे थोडं जपून बघावं. स्कॅनमध्ये उजळतं ते टीएसपीओ नावाचं प्रथिन, आणि ते ॲस्ट्रोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या ग्लिया पेशींतही सापडतं; म्हणजे उजळलेलं सगळं मायक्रोग्लियाच असेल असं नाही.