दिल्लीतले शिक्षण खाते आणि खानदेशातली शाळा

खानदेशातली जिल्हा परिषदेची कुठलीही प्राथमिक शाळा घ्या. गुरुजी जिल्हा परिषदेचे नोकर. पगार राज्याच्या तिजोरीतून. पुस्तके बालभारतीची, म्हणजे पुण्याहून. आणि यू-डायसचा, म्हणजे शाळांच्या माहितीचा तक्ता, पोषण आहाराचा हिशेब, समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय योजनेचा निधी यांची वाट थेट दिल्लीपर्यंत जाते. शिक्षण केंद्राच्या हाती असावे की राज्याच्या, हा वाद २०२०च्या नव्या शिक्षण धोरणानंतर पुन्हा तापला आहे. पण दिल्लीत शिक्षणाचे स्वतंत्र खाते केव्हा आणि कशापायी निघाले, हे पाहिले की त्या वादाच्या बुडाशी दुसराच प्रश्न सापडतो. गावच्या शाळेचा खर्च कोणी आणि किती उचलायचा, हा तो प्रश्न. दीडशे वर्षे तो पुरता सुटलेला नाही.

१८१३च्या सनदी कायद्याने कंपनी सरकारवर शिक्षणासाठी वर्षाला एक लाख रुपये खर्चण्याचे बंधन घातले, तेव्हा खानदेश कंपनीच्या ताब्यातही नव्हता. १८१८ साली पेशवाई बुडाली, धुळ्याला कलेक्टरची कचेरी बसली आणि हा मुलूख मुंबई इलाख्यात गेला. तोवर शिक्षण म्हणजे देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्याच्या ओसरीवर चालणारी पंतोजींची शाळा. मुंबईत १८४० साली बोर्ड ऑफ एज्युकेशन आले. मग १८५४चा वुडचा खलिता, म्हणजे हिंदुस्थानातल्या शिक्षणाबद्दल विलायतेहून आलेला आदेश, आला. प्रत्येक इलाख्यात शिक्षण खाते असावे, त्यावर संचालक असावा, त्याच्या हाताखाली तपासनीस असावेत, खासगी शाळांना सरकारने ग्रँट द्यावी, अशी सगळी चौकट त्यात होती. मुंबई इलाख्याचे खाते १८५५ साली सुरू झाले. शाळेला ‘अनुदान’ मिळणे, टप्पा मंजूर होणे, तपासणी लागणे, हा आजचा सगळा व्यवहार त्या खलित्यातून आलेला आहे. अमळनेरचे प्रताप हायस्कूल, जिथे साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात शिकवले, तेही स्थानिक दात्यांच्या पैशावर उभी राहिलेली शाळा. खानदेशातले माध्यमिक शिक्षण मोठ्या प्रमाणात अशाच संस्थांनी वाढवले. सरकार त्यांच्या पाठीशी आले ते ग्रँट देणारे म्हणून.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. इलाख्यांना खाती मिळाली, पण हिंदुस्थान सरकारला स्वतःचे शिक्षण खाते नव्हते. पोलीस, तुरुंग यांच्याबरोबर शिक्षणाची फाइलही गृहखात्यातच फिरत असे. हे थोडेथोडके नव्हे, पंचावन्न वर्षे चालले.

दरम्यान पैसा कुठून येत होता? १८६०च्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आण्याची स्थानिक पट्टी बसली. तिचा तिसरा हिस्सा शाळांकडे आणि उरलेला रस्ते वगैरे कामांकडे जायचा. हाच तो लोकल फंड. तापी-गिरणेच्या काठचा कुणबी सारा भरताना शाळेचे पैसेही भरत होता, मग त्याचे पोरगे शाळेत जावो न जावो. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या सरकारी हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात नेमके यावरच बोट ठेवले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांनी स्पष्ट मांडले. प्राथमिक शिक्षण काही वयापर्यंत सक्तीचे करा, शिक्षकांना बरा पगार द्या, अशी मागणी केली. माझ्या मते या देशातल्या शिक्षण खात्याच्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा कागद हाच आहे. वुडच्या खलित्यापेक्षाही मोठा.

फुले हे लिहीत होते तेव्हा जळगावजवळच्या आसोद्यात एक मुलगी दोन वर्षांची होती. १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाईंच्या वाट्याला शाळा कधी आलीच नाही. त्यांच्या ओव्या आणि गाणी टिकली ती मुलाने आणि जवळच्यांनी उतरवून घेतली म्हणून. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली त्यांचे नाव मिळाले, ही योग्यच गोष्ट झाली. पण त्यांच्या पिढीतल्या ज्या बायकांचे शब्द कोणीच उतरवले नाहीत, त्यांचा विचार फुल्यांचे निवेदन वाचताना मनातून जात नाही.

हंटर आयोगाने प्राथमिक शाळा स्थानिक बोर्डांकडे सोपवायला सांगितले आणि सक्तीचा मुद्दा बाजूला पडला. व्हाइसरॉय कर्झनने १९०२ साली शिक्षणासाठी एक महासंचालक नेमला. तो मुख्यतः सल्ला देणारा अधिकारी होता, त्याच्यामागे स्वतंत्र खाते नव्हते.

मग आले गोपाळ कृष्ण गोखले. मार्च १९१० मध्ये त्यांनी केंद्रीय कायदेमंडळात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला. त्यांच्या हाताशी एक जिवंत उदाहरण होते, बडोद्याचे. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो संस्थानभर नेला. सयाजीराव मूळचे मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे, म्हणजे अहिराणी मुलखातलेच. त्याहून जवळची गोष्ट नवापूरची. नवापूर ओलांडले की सोनगढ, आणि सोनगढ होते बडोदे संस्थानात. महाराजांनी तिथे आदिवासी मुलांसाठी वसतिगृहही काढले होते. एकच जंगल, तीच भिल्ल-गावित वस्ती, पण सीमेच्या पलीकडे मुलाला शाळेत घालण्याचा कायदा होता आणि अलीकडे, पश्चिम खानदेशात, नव्हता. ब्रिटिश हिंदुस्थानात सक्ती अशक्य आहे, हा सरकारचा दावा या एका सीमेवर येऊन खोटा पडत होता.

गोखल्यांनी ठराव मागे घेतला, कारण सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिले. त्याच वर्षाच्या अखेरीस हिंदुस्थान सरकारचे स्वतंत्र शिक्षण खाते निघाले आणि सर हारकोर्ट बटलर त्याचे पहिले सभासद, म्हणजे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते खाते सांभाळणारे, झाले. राष्ट्रीय पातळीवरच्या शिक्षण खात्याचा जन्म हा असा. पुढच्या वर्षी, मार्च १९११ मध्ये, गोखल्यांनी विधेयकच आणले. सहा ते दहा वयाच्या मुलांना सक्ती करायची, तीही जिथली स्थानिक संस्था तयार असेल तिथेच, आणि खर्चाचा दोन तृतीयांश वाटा सरकारने उचलायचा, उरलेला स्थानिक संस्थेने. इतके सावध विधेयक होते. सरकारने त्याला विरोध केला आणि विरोधाची बाजू मांडणाऱ्यांत नवे शिक्षण सभासद बटलर होते. मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. जमीनदार आणि संस्थानिकांच्या बाजूचे लोकही विरोधातच गेले. देशाने मुलांसाठी हक्काची शाळा मागितली होती आणि पदरात पडले खाते. याची रुखरुख आजही वाटते.

विठ्ठलभाई पटेलांनी १९१८ साली मुंबईच्या कायदेमंडळात सक्तीचा कायदा करून घेतला, पण तो नगरपालिकांपुरता. १९२३च्या कायद्याने लोकल बोर्डांनाही अधिकार मिळाले आणि स्कूल बोर्डांचे दिवस आले. दिल्लीतल्या खात्याची गत मात्र वाईट झाली. १९१९च्या सुधारणांनी शिक्षण प्रांतांच्या मंत्र्यांकडे गेले, आणि १९२३च्या काटकसरीत केंद्राचे शिक्षण खाते आरोग्य आणि जमीन या विषयांशी जोडून टाकले. १९२० साली स्थापन झालेले केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळही त्याच झपाट्यात बंद पडले आणि १९३५ साली पुन्हा उभे राहिले. खाते पुन्हा स्वतंत्र झाले ते १९४५ साली.

स्वातंत्र्यानंतर मौलाना आझाद पहिले शिक्षणमंत्री झाले. राज्यघटनेने शिक्षण राज्यसूचीत ठेवले आणि केंद्राकडे उच्च शिक्षणाचा दर्जा, राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्था असे मोजके विषय दिले. विद्यापीठ अनुदान आयोग, १९६१ची एनसीईआरटी, म्हणजे शालेय शिक्षणाची राष्ट्रीय संशोधन परिषद, हे सगळे त्या मर्यादेत उभे राहिले. खानदेशात केंद्राची शाळा प्रत्यक्ष दिसायची ती भुसावळ-वरणगावला, आयुध निर्माणीच्या वसाहतीत. केंद्रीय विद्यालये १९६३ पासून सुरू झाली ती बदलीच्या नोकरदारांच्या मुलांसाठी. यावल-रावेरच्या केळीच्या बागेत राबणाऱ्याच्या मुलाची शाळा १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदेकडे आली आणि तिथेच राहिली.

आणीबाणीतल्या ४२व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतील अशा विषयांत नेले. त्याच दुरुस्तीने वनेही नेली. सातपुड्यातल्या माणसाच्या रोजच्या जगण्याचे हे दोन विषय एकाच फटक्यात दिल्लीच्या कक्षेत आले. आणीबाणीच्या वातावरणात असा बदल करणे चूक होते. तरीही त्या अधिकारामुळेच पुढे देशभर लागू होणारा शिक्षण हक्क कायदा करता आला, हेही मान्य करावे लागते.

सप्टेंबर १९८५ मध्ये शिक्षण मंत्रालय मनुष्यबळ विकास मंत्रालयात सामावले गेले. १९८६च्या धोरणातून नवोदय विद्यालये आली, १५ ऑगस्ट १९९५ पासून पोषण आहार, २००१ साली सर्व शिक्षा अभियान. १ एप्रिल २०१० रोजी शिक्षण हक्क कायदा अमलात आला. गोखल्यांच्या विधेयकानंतर ९९ वर्षांनी. त्याआधी २००४ पासून केंद्राने करांवर दोन टक्के शिक्षण उपकर लावला, म्हणजे लोकल फंडाची पट्टी नव्या रूपात परतली. समग्र शिक्षात आज केंद्राचा वाटा ६० टक्के आणि महाराष्ट्राचा ४०. गोखल्यांनी मागितलेल्या दोन तृतीयांशाच्या जवळ जाणारा हा आकडा आहे, पण तो योजनेपुरताच. शाळेचा सगळ्यात मोठा खर्च म्हणजे शिक्षकांचा पगार, आणि त्याचा बहुतांश भार राज्यावरच आहे. त्यामुळे केंद्राच्या योजनेचे नाव फलकावर येते आणि रिक्त पदांचा प्रश्न संचमान्यतेच्या, म्हणजे पटसंख्येवरून शिक्षकांची पदे ठरवण्याच्या घोळात जिल्ह्यातच पडून राहतो.

२०२० साली मंत्रालयाला जुने नाव परत मिळाले. त्या वर्षीच्या धोरणात तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यात याचा अर्थ काय होतो ते पाहा. अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची, जिल्हा परिषदेची शाळा शिक्षण खात्याची, आश्रमशाळा राज्याच्या आदिवासी विकास विभागाची, एकलव्य शाळा केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाची. धोरणाने या मंत्रालयांचा संयुक्त कृतिगट सुचवला आहे, आश्रमशाळांत पूर्वप्राथमिक वर्ग सुरू करायला सांगितले आहे आणि लहान मुलांना घरच्या भाषेतून शिकवण्याचा आग्रह धरला आहे. तिन्ही गोष्टी चांगल्या आहेत. त्यासाठी पावरी आणि भिली बोलणाऱ्या शिक्षिका पाड्यापाड्यावर नेमाव्या लागतील, आणि त्यांच्या पगारात केंद्राने कायमचा, ठरलेला वाटा उचलावा.