प्रणाली-आवश्यकतांची पडताळणी

एखादी आज्ञावली (सॉफ्टवेअर) हाताशी असलेल्या संगणकावर किंवा फोनवर चालेल का, हे ती घेण्यापूर्वी ठरवण्याची रीत. आज्ञावलीचा निर्माता प्रोसेसर, रॅम, साठवण, ग्राफिक्स, कार्यप्रणालीची (ऑपरेटिंग सिस्टिमची) आवृत्ती अशा बाबींची यादी देतो आणि यंत्रातील प्रत्यक्ष बाबी त्या यादीशी ताडून पाहायच्या असतात. व्यवहारात याला ‘कॉन्फिगरेशन बघणे’ म्हणतात.

या रीतीचा उगम नेमका कोठे धरावा, याविषयी एकमत नाही. एका मतानुसार आयबीएम या अमेरिकी संगणक कंपनीने १९६९ च्या जूनमध्ये आज्ञावल्यांची किंमत यंत्रापासून वेगळी करण्याचे जाहीर केले, तेथून ती सुरू झाली. आज्ञावली स्वतंत्र विकली जाऊ लागल्यावरच ‘हे माझ्या यंत्रावर चालेल का’ हा प्रश्न ग्राहकाला पडला, असा त्यामागचा युक्तिवाद. दुसरे मत आयबीएमच्याच सिस्टिम/३६० या १९६४ मध्ये जाहीर झालेल्या यंत्रकुलाकडे बोट दाखवते. एकाच कुळातील लहानमोठी यंत्रे एकच आज्ञावली चालवतील, अशी त्यामागची कल्पना होती. प्रत्यक्षात ओएस/३६० ही कार्यप्रणाली लहान स्मृतीच्या यंत्रांत मावेना आणि त्यांच्यासाठी डॉस/३६० वेगळी काढावी लागली. स्मृती मोजून प्रणाली निवडण्याची गरज येथे स्पष्टपणे दिसते, म्हणून हे मत अधिक ग्राह्य वाटते.

तिसरे मत सोलापूरकरांना जवळचे आहे. सोलापुरी चादरीवरची नक्षी मागावर बसवलेल्या ज्या जॅकार्ड या यंत्राने उमटते, त्याचा शोध साधारणतः १८०४-०५ च्या सुमारासचा मानला जातो. छिद्रे पाडलेल्या पत्त्यांची माळ जॅकार्डवरून सरकते. छिद्र असेल तेथे सुई आत जाते, तिचा हुक वर उचलला जातो आणि त्याला बांधलेले ताण्याचे (उभे) धागे उठतात. छिद्र नसेल तेथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. साहजिकच ४०० हुकांसाठी पाडलेले पत्ते २०० हुकांच्या जॅकार्डवर चढत नाहीत, आणि माग कितीही चांगला असला तरी नक्षी उमटत नाही. पत्ते म्हणजे आज्ञावली आणि हुकांची संख्या म्हणजे तिची किमान अट, असे साम्य दाखवता येते. जॅकार्डचे पत्ते आणि संगणकाला छिद्रांतून माहिती देणारी पंचकार्डे यांचे नाते मान्य आहे. पण छापील अटींची यादी त्या काळी होती असे म्हणणे ताणलेले ठरेल. तरीही अट यंत्राच्या घडणीतूनच येते, विक्रेत्याच्या मर्जीतून नव्हे, हे समजावण्यासाठी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या कापड कारखान्यातील जॅकार्डइतके चांगले उदाहरण नाही.

घरगुती संगणकांच्या काळात अटी कशा वाढत गेल्या हे विंडोजच्या यादीतून दिसते. १९८५ च्या पहिल्या आवृत्तीला २५६ केबी रॅम आणि दोन फ्लॉपी ड्राइव्ह पुरत. विंडोज ९५ ला ४ एमबी, तर विंडोज १० च्या ६४ बिट आवृत्तीला २ जीबी रॅम किमान सांगितली होती. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या विंडोज ११ ने ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि १ गिगाहर्ट्झचा दोन गाभ्यांचा (कोअरचा) ६४ बिट प्रोसेसर मागितला. हे आकडे बहुतेक यंत्रे पार करतात. अडचण वेगळ्या तीन अटींत आहे : टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारा घटक), सिक्युअर बूट (फक्त विश्वासार्ह प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय) आणि मान्य प्रोसेसरांची स्वतंत्र यादी. इंटेलच्या बाबतीत ही यादी थोडे अपवाद सोडता आठव्या पिढीपासून सुरू होते. त्यामुळे चार गाभ्यांचा, ३ गिगाहर्ट्झचा सहाव्या पिढीचा आय५ हा इंटेलचा प्रोसेसर आकड्यांच्या अटीत बसूनही यादीबाहेर राहतो. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने ही तपासणी लहान दुकानदारापर्यंत येऊन पोचली.

टीपीएमबाबत घाईने निष्कर्ष काढू नये. दुकानात जोडून घेतलेल्या अनेक यंत्रांत ते प्रोसेसरबरोबरच आलेले असते, फक्त बायोसमध्ये (संगणक सुरू होताना चालणाऱ्या मूळ आज्ञावलीत) बंद असते. इंटेलच्या बोर्डावर ते पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावाने सापडते. विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबून ‘टीपीएम.एमएससी’ असे इंग्रजीत टंकले की स्थिती कळते. त्याच रीतीने उघडणाऱ्या ‘एमएसइन्फो३२’ मध्ये बायोस मोड ‘लीगसी’ (जुन्या पद्धतीचा) दिसला, तर सिक्युअर बूटसाठी डिस्कची विभागणी आधी जीपीटी या नव्या पद्धतीची करावी लागते. हे न पाहता नवे मशीन घ्यायला लावणे म्हणजे सुताच्या व्यापाऱ्याच्या खिशावर अकारण भार टाकणे होय.

मापांचा घोळही नेहमीचा. डिस्कचा निर्माता १,००० च्या पटीत मोजतो आणि विंडोज १,०२४ च्या, म्हणून ६४ जीबीची डिस्क पडद्यावर सुमारे ५९.६ दिसते, ती अटीत बसते. रॅमचे उलट आहे. ४ जीबी बसवलेली असून ‘३.४ जीबी वापरण्याजोगी’ असे दिसले, तर उरलेली बहुधा बोर्डावरच्या ग्राफिक्सने राखून ठेवलेली असते, आणि कार्यप्रणाली ३२ बिट असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम सहसा वापरातच येत नाही. टॅलीप्राइमसारखी हिशेबाची ६४ बिट आज्ञावली अशा प्रणालीवर चढतच नाही.

‘किमान’ आणि ‘शिफारस केलेली’ या दोन स्तंभांत पहिल्याचा अर्थ आज्ञावली सुरू होईल एवढाच घ्यावा. यादीत न येणाऱ्या गोष्टी वेगळ्या तपासाव्या लागतात. नक्षीच्या जुन्या आज्ञावल्यांचा परवाना डोंगलमध्ये (संगणकाला जोडायच्या छोट्या किल्लीवजा उपकरणात) असतो. डोंगलसाठी पॅरलल पोर्ट (जुन्या पद्धतीची जोडणीची जागा) किंवा ६४ बिट ड्रायव्हर (उपकरण ओळखणारी आज्ञावली) नसेल तर बाकी सगळे जुळूनही उपयोग नाही. यादीत तापमानही नसते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो, आणि मागाशेजारी ठेवलेल्या संगणकाच्या पंख्यात कापसाचे तंतू बसतात. प्रोसेसर ठरावीक मर्यादेला, अनेक इंटेल चिपांत १०० अंश सेल्सिअसला, पोचला की स्वतःचा वेग उतरवतो. ३ गिगाहर्ट्झचे यंत्र मग दुपारी त्या वेगाने चालत नाही.

फोनवर ही तपासणी बहुतांशी प्ले स्टोअर स्वतः करते. न जुळणारे ॲप शोधात दिसत नाही, किंवा ‘तुमच्या डिव्हाइसशी सुसंगत नाही’ असा संदेश येतो.