इन्फ्लुएन्झा महासाथीची लस

ज्या फ्लू-विषाणूची माणसांच्या शरीराला आधी ओळखच नाही, असा विषाणू माणसामाणसांत सहज पसरू लागला की महासाथ येते. त्या विषाणूविरुद्धची लस म्हणजे महासाथीची लस. ती करायची कशी, हे माहीत आहे. हंगामी फ्लूची लस दरवर्षी तयार होते आणि दोन्हींचे कारखाने बहुधा तेच असतात. हंगामी लशीसाठी जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये, विषाणू निवडून देते आणि उत्पादकांना निदान सहा महिने मिळतात. महासाथीच्या लशीचे काम मात्र विषाणू सापडल्यावरच सुरू होते, आणि तोवर तो विमानात बसून निघालेला असतो.

फ्लूच्या विषाणूची जनुकीय सामग्री आठ तुकड्यांत असते. माणसाचा आणि पक्ष्याचा असे दोन विषाणू एकाच डुकराच्या पेशीत शिरले, तर या तुकड्यांची सरमिसळ होऊन तिसराच विषाणू बाहेर पडू शकतो. त्याच्या पृष्ठभागावरची हिमॅग्लुटिनिन आणि न्यूरामिनिडेज ही दोन प्रथिने म्हणजे नावातले ‘एच’ आणि ‘एन’. एच५एन१ येईल, एच७एन९ येईल की भलताच कोणी, हे आधी सांगता येत नाही. २००९मध्ये जगाचे डोळे आशियातल्या कोंबड्यांकडे लागले होते. महासाथ आली ती उत्तर अमेरिकेतून, डुकरांच्या विषाणूतून.

जगातली बहुतांश फ्लूची लस आजही कोंबडीच्या अंड्यात होते. फलित अंडी नऊ ते अकरा दिवस उबवतात. प्रकाशासमोर धरून आतला गर्भ जिवंत आहे ना, हे पाहतात. मग कवचाला बारीक छिद्र पाडून विषाणू टोचतात. दोन-तीन दिवसांनी अंडी थंड करून वरचे टरफल कापतात आणि गर्भाभोवतीचा द्रव शोषून घेतात. या द्रवातला विषाणू शुद्ध आणि निष्क्रिय केला की एका अंड्यातून साधारण एका विषाणूचा एक डोस मिळतो. कोट्यवधी डोस हवेत तर कोट्यवधी अंडी हवीत, आणि त्यासाठी कोंबड्यांचे कळप कित्येक महिने आधी राखून ठेवावे लागतात. १९५७च्या एप्रिलमध्ये हाँगकाँगच्या साथीची बातमी वाचून मॉरिस हिलमन या अमेरिकी शास्त्रज्ञाने धोका ओळखला, तेव्हा अंडी कमी पडू नयेत म्हणून कोंबडे मारू नका, असा निरोप त्याने कुक्कुटपालकांना आधीच धाडला. त्या वर्षी अमेरिकेत सुमारे ४ कोटी डोस तयार झाले. महासाथीच्या आधी धावलेली लस म्हणून हे उदाहरण अजूनही जवळजवळ एकटेच आहे.

अंड्यांखेरीज वेळ खाणाऱ्या इतरही गोष्टी आहेत. नवा विषाणू अंड्यात नीट वाढत नाही, म्हणून अंड्याला सरावलेल्या जुन्या विषाणूशी त्याची सांगड घालून बियाणे बनवावे लागते. २००९चे पहिले बियाणे अपेक्षेपेक्षा फारच कमी पीक देत होते. कुपीत प्रतिजन, म्हणजे शरीराला ओळख पटवणारा विषाणूचा भाग, नेमके किती, हे मोजायला मेंढीच्या रक्तातली खास प्रतिपिंडे लागतात. मेंढीला टोचून ती तयार व्हायलाच कित्येक आठवडे जातात. एवढ्या तातडीच्या कामात सगळा कारखाना एका मेंढीसाठी खोळंबतो, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते.

या उशिराची किंमत पुण्याइतकी क्वचितच कुठल्या भारतीय शहराने जवळून पाहिली असेल. एप्रिल २००९मध्ये नवा एच१एन१ ओळखला गेला, ११ जूनला महासाथ जाहीर झाली आणि ३ ऑगस्टला स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला, पुण्यातल्या एका शाळकरी मुलीचा. शाळा, चित्रपटगृहे बंद झाली, तोंडाला रुमाल बांधलेली माणसे नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लावून उभी राहिली. लस नव्हती. अमेरिकेतही ऑक्टोबरअखेर रुग्णसंख्या शिखरावर होती तेव्हा लस जेमतेम पोहोचू लागली होती. श्रीमंत देशांनी उत्पादकांशी आगाऊ करार करून ठेवले होते आणि ऑस्ट्रेलियाने तर आपल्या कारखान्यातली लस आधी आपल्या लोकांना, मग बाहेर, असे ठरवले. गरीब देशांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने देणगीतून ७ कोटी ८० लाख डोस उभे केले, पण ते बहुतांशी लाट ओसरल्यावर पोहोचले.

याच पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारायची ‘नॅसोव्हॅक’ ही जिवंत, पण दुबळ्या केलेल्या विषाणूची लस बनवली. तिचा मूळ विषाणू रशियातला, लेनिनग्राडचा. कमी तापमानात वाढायची सवय लावलेला, त्यामुळे तो नाकात तग धरतो, फुप्फुसाच्या उबेत मात्र वाढत नाही. हे तंत्रज्ञान जागतिक आरोग्य संघटनेमार्फत विकसनशील देशांना मिळाले. अशा लशीचे एका अंड्यातून कितीतरी पट जास्त डोस निघतात, सुई लागत नाही, दोन्ही नाकपुड्यांत अर्धा-अर्धा डोस फवारला की झाले. कोट्यवधींच्या देशाला हीच वाट शहाणपणाची, असे म्हणायला हवे. तरीही ती बाजारात आली जुलै २०१०मध्ये आणि १० ऑगस्टला महासाथ संपल्याची घोषणा झाली.

बर्ड फ्लूचा एच५एन१ आणखी अवघड. १९९७मध्ये हाँगकाँगमध्ये १८ जणांना तो झाला, ६ दगावले. हा विषाणू अंड्यातल्या गर्भालाच मारतो, म्हणजे लस करायच्या भांड्यावरच घाव. त्यासाठी हिमॅग्लुटिनिनमधला घातक भाग जनुकीय तंत्राने कापून सौम्य विषाणू बनवावा लागतो. शिवाय तो कोंबड्यांचे कळपच्या कळप संपवतो. फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतातला पहिला उद्रेक झाला, तेव्हा लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. अंडी ज्या कळपांतून यायची तेच असे संपले, तर लस कशात वाढवायची?

त्यात आपले शरीर या विषाणूला फार थंड प्रतिसाद देते. हंगामी लशीत प्रत्येक विषाणूचे १५ मायक्रोग्रॅम प्रतिजन पुरते. अमेरिकेत २००७मध्ये मंजूर झालेल्या पहिल्या एच५एन१ लशीत ९० मायक्रोग्रॅमचे दोन डोस द्यावे लागत, तरी निम्म्याहून कमी लोकांत पुरेशी प्रतिपिंडे तयार झाली. या हिशेबाने एका माणसाला हंगामी लशीतल्या एका विषाणूच्या बारा पट प्रतिजन लागते. शरीराचा प्रतिसाद वाढवणारे, तेलाच्या सूक्ष्म थेंबांचे सहायक द्रव्य मिसळल्यावर मात्रा ३.७५ मायक्रोग्रॅमपर्यंत उतरली. आणि महासाथ आलेलीच नसताना लस खरोखर रोग रोखते का, हे तपासता येत नाही. रक्तातली प्रतिपिंडे मोजून अंदाज बांधायचा, एवढेच हाती उरते.

विषाणूचे नमुने कोणाचे, हाही प्रश्न आहे. इंडोनेशियाने नमुने पाठवायचे, त्यांतून परदेशी कंपन्यांनी लस करायची आणि ती इंडोनेशियाला परवडू नये, या अन्यायावर २००७मध्ये आरोग्यमंत्री सिती फदीला सुपारी यांनी नमुने देणेच थांबवले. त्यांची कृती जगासाठी धोक्याची होती, पण तक्रार खरी होती. तिच्यातून २०११मध्ये महासाथ सज्जता आराखडा आकाराला आला. त्यानुसार नमुने वापरणाऱ्या उत्पादकांनी लशींचा काही भाग जागतिक आरोग्य संघटनेसाठी राखून ठेवायचा असतो.

घाईचे दुसरे टोकही विसरता येत नाही. १९७६मध्ये फोर्ट डिक्स या अमेरिकी लष्करी तळावर स्वाइन फ्लूने एक सैनिक दगावला आणि ४ कोटींहून अधिक लोकांना लस टोचली गेली. महासाथ आलीच नाही. गुईया-बारे या मज्जाविकाराचे रुग्ण मात्र वाढले, साधारण लाखात एक, आणि डिसेंबरमध्ये मोहीम थांबवली गेली. २००९च्या ‘पँडेमरिक्स’ या लशीनंतर फिनलंड, स्वीडनमध्ये मुलांत नार्कोलेप्सी हा झोपेचा विकार वाढलेला दिसला. इतका क्वचित होणारा त्रास काही हजार लोकांच्या चाचणीत दिसणे शक्य नसते, म्हणून लसीकरण सुरू झाल्यावरची नोंद आणि पाळत लशीइतकीच महत्त्वाची ठरते.

अंड्याला पर्याय आहेत. पेशीसंवर्धनातली फ्लूची लस अमेरिकेत २०१२मध्ये आणि कीटकपेशींत बनवलेल्या प्रथिनाची लस २०१३मध्ये मंजूर झाली. हिमॅग्लुटिनिनच्या फारशा न बदलणाऱ्या देठावर नेम धरणाऱ्या सर्वव्यापी लशीचे प्रयोग चालू आहेत. सर्वांत वेगवान मार्ग एमआरएनएचा, म्हणजे विषाणूचे प्रथिन बनवायची कृती शरीरातल्या पेशींनाच देणाऱ्या रेणूचा. त्याला ना अंडे लागते, ना जिवंत विषाणू, जनुकाची अक्षरे मिळाली की काम सुरू. मार्च २०२४मध्ये अमेरिकेत दुभत्या गायींत एच५एन१ सापडला. त्याच वर्षी फिनलंडने पक्ष्या-प्राण्यांजवळ काम करणाऱ्यांना बर्ड फ्लूची लस द्यायला घेतली. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकी सरकारने मॉडर्ना कंपनीला एमआरएनए महासाथ-लशीसाठी सुमारे ५९ कोटी डॉलर मंजूर केले, आणि मे महिन्यात तो करार रद्द केला.