पार्श्वभूमी: आरी लोहार आणि ‘वेगळ्या वंशा’ची गोष्ट

नैऋत्य इथिओपियात, ओमो नदीच्या आसपास वोलायता, गामो, काफा, दिझी, हामेर, आरी असे अनेक समाज राहतात. त्यांच्या भाषांना आज ‘ओमोटिक’ म्हणतात. हे नाव अलीकडचं. १९६९ मध्ये भाषाअभ्यासक हॅरॉल्ड फ्लेमिंग यांनी या भाषा कुशिटिक या ईशान्य आफ्रिकेतल्या भाषाकुळातून वेगळ्या काढाव्यात असं मांडलं. तोवर त्या ‘पश्चिम कुशिटिक’ म्हणून खपत होत्या.

पंचाईत अशी, की तेव्हा ‘हॅमिटिक’ हा एकच शब्द भाषेलाही लावत आणि वंशालाही, आणि कुशिटिक भाषा त्यातच मोडायच्या. आफ्रिकेत जे काही चांगलं दिसतं ते बाहेरून आलेल्या उजळ, गुरं राखणाऱ्या हॅमिटिक लोकांनी आणलं, असं ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ चार्ल्स सेलिगमन यांनी १९३० मध्ये सरळ लिहून टाकलं. ओमोकाठची माणसं या चौकटीत बसेनात. भाषा ‘हॅमिटिक’ ठरवलेली, पण अनेकांचा वर्ण गडद, केस कुरळे. शिवाय डोंगरावरचे बरेचसे समाज शेती करणारे, तीही एन्सेटची. एन्सेट म्हणजे केळीची बहीणच, फक्त तिचं फळ खात नाहीत. बुंधा खरवडून, कंद कुटून, तो लगदा पानं अंथरलेल्या खड्ड्यात महिनोन्‌महिने आंबवतात आणि त्याची भाकरी भाजतात. १८९४ मध्ये वोलायता आणि १८९७ मध्ये काफा जिंकणाऱ्या इथिओपियाच्या सम्राट मेनेलिकच्या राज्यात काळ्या वर्णाच्या दक्षिणी लोकांना ‘शांकिला’ असं हिणवत. तोच शब्द अभ्यासकांच्या वह्यांतही शिरला.

आरी लोकांत लोहार आणि कुंभार गावकुसाबाहेरचे. शेतकऱ्याला कुदळ लोहाराचीच लागते, पण त्याच्या घरात मुलगी द्यायची नाही. (मराठी वाचकाला याहून जास्त सांगायला नको.) यावर अभ्यासकांचं एक उत्तर ठरलेलं होतं: हे कारागीर म्हणजे मूळच्या शिकारी लोकांचे अवशेष, शेतकरी मागून आले. म्हणजे उच्चनीचता ही वंशातच होती!

२०१५ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून वेगळंच निघालं. लोहार आणि शेतकरी यांचे पूर्वज एकच. फाटाफूट झाली ती गेल्या साडेचार हजार वर्षांत. लोहार जनुकीयदृष्ट्या वेगळे दिसतात, कारण त्यांना वाळीत टाकल्यावर थोडक्या घरांतच सोयरीक होत राहिली. बहिष्कारानं जो फरक निर्माण केला, तोच बहिष्काराचं कारण म्हणून सांगितला जात होता. इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये कवट्या मोजून, त्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या असमानतेचा वंशाशी संबंध नाही असा निष्कर्ष गुरूच्या मताविरुद्ध काढला होता, त्याची इथे आठवण येते.

त्याच वर्षी गामो डोंगरातल्या मोटा गुहेत दगडांखाली पुरलेल्या माणसाचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकसंच, प्रसिद्ध झाला. काळ सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचा, डोळे तपकिरी, वर्ण गडद. आजच्या लोकांपैकी त्याचं सगळ्यात जवळचं नातं आरींशी. युरेशियातून आफ्रिकेत परतलेल्या लोकांचा जनुकीय अंश साऱ्या खंडात पसरला, हा त्याच निबंधातला दावा मात्र आकडेमोडीतल्या चुकीमुळे २०१६ मध्ये दुरुस्त करावा लागला. गुहेतल्या त्या माणसाला ‘बायिरा’ म्हणतात. गामो भाषेत त्याचा अर्थ थोरला.